नियामक संस्थेचं मुख्यालय हलवायचंय? नवं शहर असं निवडा

शहरांची यादी करायला बसण्याआधी जुन्या जागेचा भाडेकरार काढून वाचा. मुदतीआधी जागा सोडता येते का? पोटभाडेकरू ठेवता येतो का? युरोपीय संघाची औषध नियामक संस्था असलेल्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचा (ईएमए) लंडनच्या कॅनरी व्हार्फमधला करार २०३९ पर्यंतचा होता आणि मध्येच सोडायची सोय त्यात नव्हती. ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असल्यामुळे, करार निष्फळ ठरतो, हा ईएमएचा युक्तिवाद तिथल्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये फेटाळला. अखेर पोटभाडेकरू शोधावा लागला. तेव्हा नव्या शहराच्या खर्चात जुनं भाडंही धरा.

मग संस्थेच्या कामाचे तीन गट पाडा: एक दिवसही थांबून चालणार नाही असं, काही आठवडे लांबलं तरी चालेल असं आणि वर्षभर बाजूला ठेवता येईल असं. दुष्परिणामांवरची देखरेख, सदोष माल परत मागवणं, कायद्याने मुदत घालून दिलेले परवाने हे सगळं पहिल्या गटात. ते काम नेमकी कोणती माणसं करतात, याची यादी करा. शहराची निवड या यादीवर ठरली पाहिजे. इमारत पैसे टाकून उभी राहते. विषारीपणाचा अहवाल वाचून त्यातली खोट पकडणारा तज्ज्ञ तयार व्हायला मात्र वर्षं जातात.

म्हणून कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण सगळ्यात महत्त्वाचं. ते निनावी ठेवा आणि प्रत्येक शहरासाठी वेगळं उत्तर घ्या. ‘स्थलांतराला तयार आहात का?’ अशा मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. जोडीदाराला त्या शहरात काम करायची परवानगी आणि नोकरी मिळेल का, मुलं कितवीत आहेत, घरी वृद्ध आई-वडील आहेत का, हेही विचारा. २०१७ मध्ये ईएमएने सुमारे ९०० कर्मचाऱ्यांसाठी असं सर्वेक्षण केलं. ॲमस्टरडॅमला ८१ टक्के लोक येतील असा अंदाज निघाला, तर काही शहरांसाठी तो ३० टक्क्यांच्याही खाली होता. एवढी गळती झाली तर संस्था नावापुरतीच उरते.

पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. एकूण ८० टक्के लोक येणार असले, तरी सहा जणांच्या एखाद्या चमूतले चौघं नाही म्हणाले, तर त्या चमूचं काम ठप्प. उत्तरं विभागवार लावा. फक्त लहान चमूंमध्ये कोण काय म्हणालं हे ओळखू येणार नाही, अशा बेताने. ऑस्ट्रेलियात कीटकनाशकं आणि पशुवैद्यकीय औषधांची नियामक संस्था कॅनबेराहून आर्मिडेलला न्यायचा आदेश २०१६ मध्ये निघाला. अनुभवी शास्त्रज्ञ सोडून गेले आणि परवाने रखडले.

शाळांची संख्या विचारू नका. ज्या वर्षी जाणार त्या वर्षी, त्या इयत्तेत, मुलांना चालणाऱ्या भाषेत किती जागा रिकाम्या आहेत ते लेखी घ्या.

प्रवासाचं गणित सोपं आहे, पण ते मांडायचा कंटाळा केला जातो. ईएमएकडे वर्षाला सुमारे ३६,००० तज्ज्ञ-प्रतिनिधी येत. कामाचे ४५ आठवडे धरले, तर आठवड्याला ८०० माणसं. सकाळच्या बैठकीला पोचवणारी आणि बैठक संपल्यावर परत नेणारी थेट विमानं किती, आणि प्रदर्शनांच्या हंगामातही हॉटेलच्या खोल्या मिळतात का, हे तपासा.

इमारतीच्या बाबतीत रंगीत संकल्पचित्रांवर भुलू नका. जमिनीची मालकी, बांधकाम परवाना, ताब्याची तारीख आणि उशीर झाला तर पर्यायी जागेचा खर्च कोण देणार, हे करारात यायला हवं. ईएमए मार्च २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या तात्पुरत्या इमारतीत गेली आणि जानेवारी २०२० मध्ये झाउदासच्या कायमच्या जागेत. दोनदा बाडबिस्तारा हलवणं चालतं, फक्त ते आधीपासून ठरलेलं हवं.

आता मतदान. नियम प्रस्ताव उघडण्याआधी ठरवा. ईएमएसाठी १९ शहरं रिंगणात होती. २० नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या दोन्ही फेऱ्यांत मिलान पुढे होतं. तिसऱ्या फेरीत मिलान आणि ॲमस्टरडॅम १३-१३ वर अडले आणि ईश्वरचिठ्ठीने ॲमस्टरडॅम निवडलं गेलं. त्याच दिवशी युरोपियन बँकिंग प्राधिकरणही असंच डब्लिनऐवजी पॅरिसला गेलं. मत देणारे सदस्य देश २७, म्हणजे विषम संख्या, पण एकाने मत दिलं नाही की बरोबरी होऊ शकते. माझ्या मते बरोबरी झाल्यास जिथे जास्त कर्मचारी जायला तयार आहेत ते शहर, असा नियम चिठ्ठीपेक्षा केव्हाही बरा.

निर्णयाचा कायदेशीर अधिकार कोणाचा, हेही आधीच विधी विभागाकडून लेखी घ्या. इटली आणि मिलानने निकालाला आव्हान दिलं, तेव्हा युरोपीय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की सदस्य देशांच्या प्रतिनिधींचा तो निर्णय राजकीय होता. मुख्यालय कुठे, हे ठरवायचा अधिकार युरोपीय संघाच्या कायदेमंडळाचा. त्यानंतर मनी लाँडरिंगविरोधी प्राधिकरणासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रँकफर्ट निवडलं, ते युरोपीय संसद आणि सदस्य देशांची परिषद यांच्या एकत्र मतदानाने.