इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर टीएसएच वाढला, शेवटी असा आटोक्यात आला

पाळी गेल्यावर हॉट फ्लशेससाठी इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली आणि कित्येक वर्षं 75 मायक्रोग्रॅमच्या रोजच्या गोळीवर नीट चाललेला थायरॉइड बिघडला, टीएसएच (थायरॉइड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) 9 च्या वर, केस गळतायत, दिवसभर नुसती झोप. कोबी-फ्लॉवर बंद केला, थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलली, काहीच फरक नाही, जाम वैताग आला होता.

मग नौपाड्यातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, कारण सांगितलं. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे लिव्हर टीबीजी नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, ते थायरॉइड हार्मोन बांधून ठेवतं, मग मोकळं हार्मोन कमी पडतं. हे कोणीतरी आधीच सांगायला हवं खरंतर.

त्यांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस 88 केला. सकाळी उठल्याबरोबर ही गोळी साध्या पाण्याने, चहा तासाभराने, कॅल्शियम आणि लोहाची गोळी किमान 4 तासांनी, म्हणून मी ती दुपारच्या जेवणानंतर ठेवली. 8 आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी4 (मोकळं थायरॉइड हार्मोन) ची टेस्ट, त्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी, आणि केसांसाठीचं बायोटिन 2 दिवस आधी बंद, कारण त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. टीएसएच 2.4 आला!

इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून घेतलं तर हा परिणाम सहसा होत नाही, डॉक्टरांना नक्की विचारा. आणि इस्ट्रोजेनची गोळी बंद केली तर परत टेस्ट करा, थायरॉइडचा डोस तेव्हा कमी करावा लागू शकतो.