फोनवरचं टीव्हीवर लावताय? या चुका टाळा

दिवाळीत मामा-मामी आलेले, मी ऐटीत म्हटलं थांबा, दादाच्या लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावतो, आणि पुढची पंधरा मिनिटं सगळे चिवडा खात ते गोल फिरणारं चक्र बघत बसले. वर मित्राचा मेसेज त्रेचाळीस इंची स्क्रीनवर झळकला, "ते ८०० कधी देतोयस?" मामा लगेच, कुणाचे रे ८००?

तर पहिली चूक हीच, कास्ट आणि मिररिंग एकच समजणं. यूट्यूबमध्ये चौकोन आणि कोपऱ्यात वायफायसारख्या रेषा अशी खूण असते ना, ती दाबली की कास्ट. यात फोन फक्त टीव्हीला सांगतो हे लाव, व्हिडिओ टीव्ही स्वतःच नेटवरून ओढतो, त्यामुळे फोन लॉक करा, कुणाशी बोला, पिक्चर चालूच राहतो. मिररिंगमध्ये मात्र फोनची अख्खी स्क्रीन तिकडे जाते, फोन तापतो, बॅटरी धडाधड उतरते, व्हिडिओ अडकतो, आणि मेसेज सगळ्या घराला दिसतात. मिररिंग करायचंच असेल तर आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, माझं ऐका.

नेटफ्लिक्स वगैरे मिरर केलं की बऱ्याचदा आवाज येतो पण स्क्रीन काळी. लोक टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावतात. अहो, ते कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम केलेलं असतं, सरळ टीव्हीतलंच अॅप उघडा.

टीव्ही लिस्टमध्ये दिसतच नाही? दहापैकी आठ वेळा फोन मोबाईल डेटावर असतो, नाहीतर पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेल्या गेस्ट वायफायवर, ज्यात एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसत नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय का बघावं, अॅप पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण न वाचता नको म्हणून बसतो. आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतं ते मिराकास्ट, म्हणजे वायफायवरून मिररिंग करायची सोय, आयफोनला नाहीच, मिररिंगला एअरप्ले (अॅपलची तशीच सोय) चालणारा टीव्ही लागतो, त्यामुळे साध्या टीव्हीच्या मेनूत स्क्रीन शेअर शोधत बसू नका.

सारखं अडकत असेल तर, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फास्ट असतं पण भिंती पार करताना दमतं, २.४ चं लांब पोचतं पण हळू. राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही हॉलमध्ये असेल तर लॅन केबल ओढा, दिसायला वाईट दिसते पण कटकट संपते. हॉटस्पॉटवर एचडी बघणार असाल तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, रोजचे दीड जीबीवाले मॅचच्या पहिल्या डावातच आउट.

टाइप-सी टू एचडीएमआय केबल घ्यायच्या आधी फोनला व्हिडिओ आउटपुट आहे का तपासा, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना नसतं, माझी तशीच ड्रॉवरमध्ये पडलीय. फायर टीव्हीसारख्या स्टिकची पॉवरची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचली आणि स्टिक आपोआप बंद-चालू होतेय तर पॉवर कमी पडतेय, सोबत आलेला अॅडाप्टर भिंतीत लावा.

लग्नाचा व्हिडिओ शेवटी मामीनंच सुचवल्याप्रमाणे पेन ड्राइव्हवर टाकला, दोन मिनिटांत लागला.