मुलांना आधी बोलू द्यायचं, पण कसं? माझ्या तिसरीतली पद्धत

ज्ञानरचनावाद हा शब्द प्रशिक्षणात इतक्यांदा ऐकलाय की आता कोणी काढला की मला आधी चहा कधी मिळणार तेच सुचतं. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की पोरगं उत्तरापर्यंत कसं पोचलं ते आधी ऐकायचं. माझी शाळा झेडपीची, द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे.

सुरुवात हातच्याच्या वजाबाकीपासून करा. फळ्यावर ५२ − २७ लिहा पण हातचा हा शब्दच काढू नका. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून आणि थोड्या सुट्या काड्या चार-चार जणांच्या गटात द्या आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहा. पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट, आपले हात शिवशिवतात, पण जायचं नाही. मग कोणीतरी ओरडतं, सर सुट्या दोनच आहेत, सात कशा काढू? तेव्हा पण सांगायचं नाही, 'मग काय करता येईल?' एवढंच विचारायचं. गठ्ठ्याचं रबर एकदा त्यांच्या हातानं सुटलं की पुढचं सोपं जातं.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका मुलीच्या वहीत उत्तर २५ बरोबर होतं पण मांडणीच नाही, म्हणून मी लाल पेनानं काट मारली. मधल्या सुट्टीत सहज विचारलं, कसं केलंस गं? तर म्हणे २७ चे ३० करायला ३, तिथून ५० पर्यंत २०, वर २. आई आठवडी बाजारात भाजी विकते, सुटे पैसे परत देताना ती असंच मोजते. दुसऱ्या दिवशी तिलाच फळ्यापाशी उभं केलं, निम्म्या वर्गाला तिची पद्धत जास्त पटली!

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी एक तास आम्ही बाजारातच. यात नवीन काही नाही, पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणात नेली होती.

आता वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायचे शेरे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि सगळे एकाच पीडीएफमधून 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' उतरवायला लागले, मीही उतरवलंय. त्यापेक्षा खिशात छोटी डायरी ठेवा, रोज दोनच मुलं, आणि ती जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले आणि वर्गात आवाज का म्हणाले तर हीच डायरी पुढे करायची.

पाढे मात्र मी पाठच करून घेतो, कोणाला जुनाट वाटलं तर वाटू दे, आठ सत्ते तोंडावर नसेल तर भागाकारात पोरगं तिथंच अडतं.

आणि हो, तास संपला की रबरं मोजून घ्या, निम्मी पोरींच्या वेण्यांना सापडतात.