हळदीच्या कागदावर लाल अक्षरं

अर्धा चमचा हळद दोन चमचे पातळ सॅनिटायझरमध्ये कालवा (गॅसपासून लांब, आणि हे काम मोठ्यांनीच करावं). पाण्यातही चालतं, पण हळदीतलं कर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारं द्रव्य) पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. कापसाच्या बोळ्याने पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर लावा आणि सावलीत वाळवा. उन्हात हळद फिकी पडते.

आता इअरबड ओला करून कपड्यांच्या साबणाच्या वडीवर घासा आणि मुलाला त्याने स्वतःचं नाव लिहू द्या. पिवळ्यावर तांबडी अक्षरं लगेच उमटतात. त्यावर लिंबाचा एक थेंब टाकला की तेवढाच भाग पुन्हा पिवळा! साबण अल्कधर्मी, लिंबू आम्ल, एवढंच सांगा. पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून असंच लाल होतं, हेही जरूर सांगा.

खायच्या सोड्याने रंग फिकाच येतो, कारण तो सौम्य अल्कधर्मी आहे. धुण्याच्या सोड्याने गडद येतो, पण तो त्वचेला झोंबतो, म्हणून मुलाच्या हाती देऊ नका. शाम्पूने बहुधा काहीच होत नाही. का, ते आधी मुलालाच ओळखू द्या. जुने कपडे घाला. हळदीचे डाग निघता निघत नाहीत.