वाड्याचं महाद्वार कसं पाहावं

माझे आजोबा सुतार होते. ते सांगायचे, दार बघायचं तर ज्याला अडवायला ते केलंय त्याच्यासारखं चालत जायचं. मी अजून तसंच बघते, आणि शिकायला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखं दुसरं दार नाही.

वेळ आधी ठरवा. हे दार उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणून वर्षातला बराच काळ त्याच्या अंगावर ऊन नीट येतच नाही. मे-जूनमध्ये मात्र सूर्य ईशान्येकडून उगवतो. तेव्हा सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात दगडाचे सांधे आणि खिळ्यांच्या सावल्या स्पष्ट उठून दिसतात.

सुरुवातीला लांब उभे राहा, बाजीरावांच्या पुतळ्यापाशी. दोन्हीकडचे बुरूज खालून वर बघत जा: खाली घडीव दगड, वर वीट. दोन्हींच्या मधोमध टोकदार कमान आणि तिच्या डोक्यावर नगारखाना. एवढ्या जड बांधकामावर नगारखाना लाकडी आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतलं जवळपास सगळं गेलं. आज वाडा म्हणून आपण बघतो तो मुख्यतः हा तट आणि ही दारं.

आता जवळ या आणि खिळे मोजा. खरंच मोजा, बोट दाखवून. एकेका फळीवर आडवे-उभे ९ आणि ८, म्हणजे ७२. प्रत्येक सुमारे वीतभराहून लांब. ते जमिनीपासून किती उंचीवर आहेत बघा. हत्ती दार फोडतो तो कपाळाने रेटून, म्हणून खिळे बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीला आहेत. माणसाला ते लागतच नाहीत.

माणसासाठी उजव्या फळीत दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, आहे. इथे घाई करू नका. दिंडीतून जाताना मान खाली जाते, एक पाय आत, एक बाहेर, आणि हात तोल सांभाळण्यात गुंतलेले. या स्थितीत क्षणभर थांबा आणि आत तलवार घेऊन कुणी उभं आहे असं समजा. एका वेळी एकच माणूस, तोही वाकलेला! आत आलात की सरळ जाता येत नाही: आधी उजवीकडे, मग डावीकडे वळावं लागतं. धावत येणाऱ्या जमावाचा जोर पहिल्याच वळणावर मोडतो. ही युक्ती कागदावरच्या नकाशात कळत नाही, पायांना कळते. मागून लोक येत असतील तर त्यांना जाऊ द्या आणि परत एकदा चाला.

एवढं झालं की गावाकडच्या गढ्या वाचता येतात. तिथे क्रम साधारण हाच असतो, फक्त माप लहान. दार उघडं असेल तर त्याच्या मागची भिंत तपासा. एका बाजूला खोल चौकोनी भोक दिसेल. ते अडसराचं. दिवसा अख्खं लाकूड भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचे, रात्री ओढून दारामागे आडवं घालायचे. कोपऱ्यात खाली वाकून बघा: जुन्या दाराला बिजागऱ्या नसतात, फळीचं टोकच दगडाच्या खोबणीत फिरतं. खोबण किती झिजली आहे त्यावरून दार किती राबलं याचा अंदाज येतो. आजोबा तिथे करंगळी घालून बघायचे.

आमच्या गावच्या गढीचा अडसर बंबात गेला. मी तेव्हा दहा वर्षांची होते, त्याची लांबी कुणीच लिहून ठेवली नव्हती. म्हणून जाताना टेप आणि वही न्या. दिंडीची उंची, भोकाची खोली, फळीची जाडी लिहा, आणि लाकूड अजून जागेवर असेल तर मालकांना ते काय आहे हे समजावून सांगूनच निघा.