थंडीत कासव पेंगतंय? झोपू देऊ नका

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो आणि घरातलं सुलकाटा कासव खाणं सोडून कोपरा धरतं. ही शीतनिद्रा नव्हे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातलं हे कासव शीतनिद्रा घेतच नाही, ते नुसतं गारठलेलं असतं.

1. शहाबादी फरशीवरून आधी उचला. कासवाच्या पेटीखाली जाड पुठ्ठा, त्यावर दुहेरी गोणपाट.
2. सकाळी पसरट घमेल्यात कोमट पाणी, हनुवटीच्या खालपर्यंतच. 15-20 मिनिटं बसवा, पाणी निवलं की बदला. बाहेर काढल्यावर लगेच कोरडं पुसा.
3. पेटीच्या एका टोकाला दिवा लावा, त्याखाली 35 अंशांच्या आसपास ऊब हवी. दुसरं टोक मोकळं. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (ठरावीक तापमान राखणाऱ्या उपकरणाला) जोडा, 20 च्या खाली जाऊ देऊ नका.
4. अंग तापल्यावरच गवत, जास्वंदीची पानं द्या. गार पोटात पाला पचत नाही.

बंद खिडकीतलं ऊन कामाचं नाही, कासवाला लागणारे अतिनील किरण काच अडवते. त्यापेक्षा गच्ची बरी, सावलीचा आडोसा मात्र ठेवा.

नाकातून बुडबुडे आले किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.