हार्मोन्स सुरू व्हायच्या आधी मुलगा म्हणून कसं वावरायचं

टी (टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन) सुरू करायला पैसे नाहीत, घरी अजून सांगितलेलं नाही, किंवा घ्यायचंच नाहीये, कारण काहीही असो, पण तोवर रस्त्यात कुणी आपल्याला "ताई" म्हणू नये एवढं तरी जमवता येतं. मी स्वतः ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष, काही वर्षं असाच वावरलोय, त्यातनं जे उपयोगी पडलं ते सांगतो.

सगळे बाइंडरपासून (छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायचा घट्ट कपडा) सुरुवात करतात, मी म्हणतो आधी बोलण्याकडे बघा. कारण मराठीत क्रियापदच आपली चुगली करतं. कट भारी, शर्ट भारी, कंडक्टर दादा वगैरे म्हणतोय आणि आपण घाईत बोलून जातो "स्वारगेटला उतरते". संपलं. त्यामुळे पहिली स्टेप ही, की एकटे असताना मोठ्याने बोला, आलो, जातो, जेवलो, विसरलो, आणि रोज बोला, विचार न करता तोंडातनं यायला लागेपर्यंत. रागात आणि अर्धवट झोपेत जास्त घसरतं.

घरी सांगितलेलं नसेल तर तिथे "आलो" म्हटलं की प्रश्न सुरू होतात, आणि "आले" म्हणवत नाही. तेव्हा वाक्यच फिरवा. "मी निघते"च्या जागी "मला निघायचंय", "जेवले"च्या जागी "माझं जेवण झालं", "विसरले"च्या जागी "लक्षातच राहिलं नाही". "मी येईन", "मी करणारे", "मी चहा घेतला" यात मुलगा-मुलगी काही कळत नाही, बिनधास्त वापरा. मी कितीतरी दिवस आईशी असंच बोललो, तिला पत्ता नाही. (कोल्हापूरकडच्या पोरांची मजा आहे, तिकडे मुलीपण "मी जातो" म्हणतात, घरात कुणी दचकत नाही.)

मग केस. पार्लरमध्ये नाही, जेन्ट्स सलूनमध्येच जा. पार्लरवाल्या शॉर्ट कटमध्ये कानाजवळ टोकदार बटा सोडतात आणि मान मऊ ठेवतात, तिथेच ओळखू येतं. सलूनमध्ये फोटो दाखवा आणि सांगा, साइड शॉर्ट, कल्ले सरळ कापा, मागे चौकोनी. दुपारी गर्दी नसताना गेलात तर टेन्शन कमी. आयब्रो करणं बंद. चमकी काढून टाका, पण कानाच्या भोकांचं टेन्शन घेऊ नका, हल्ली मुलंही कान टोचतात आणि भिकबाळी तर पुरुषांचाच दागिना आहे.

कपडे पुरुषांच्याच सेक्शनमधले घ्या. त्यांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या डाव्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी, बाही लांब झाली तर टेलरकडून ऑल्टर करा, पण एक साइज मोठा शर्ट घेऊन लपायला जाऊ नका, उलट अंग अजून बारीक दिसतं. आत बनियन, वर गडद चेक्स, किंवा टीशर्टवर उघडा शर्ट. पातळ पांढरा नको. पँट स्ट्रेट फिट, स्किनी घातली की कंबर लगेच दिसते. आणि पाकीट खिशात, पर्समध्ये नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पास झालात, म्हणजे लोकांनी मुलगाच समजलं, तरी वय कमी वाटणार. विशीतल्या माणसाला लोक विचारतात "कितवीला आहेस रे?" कार्टूनचे टीशर्ट सोडा, कॉलरवाले शर्ट घाला, थोडा फरक पडतो.

आता बाइंडर. छातीचं माप टेपने घेऊन त्याच साइजचा घ्या, जास्त सपाट दिसावं म्हणून लहान घेऊ नका. दिवसात जास्तीत जास्त ८ तास, झोपताना नाही, व्यायाम करताना नाही. क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी तर अजिबात नाही. मी सुरुवातीला बँडेजच गुंडाळायचो, दम लागायचा, बरगड्या ठणकायच्या, तरी ओढून बांधायचो, नसता शहाणपणा. श्वास अडला, दुखलं, मुंग्या आल्या की लगेच काढायचं, मग कुठेही असा. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये तर घामोळ्यांची पक्की सोय, म्हणून आत पातळ सुती बनियन, रोज धुणं, आणि आठवड्यात एखाद दिवस सुट्टी. नसेल परवडत तर मापाची घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर गडद शर्ट, एवढ्यानेही बरंच भागतं.

आवाज घसा दाबून जाड करू नका, बसतो. छातीवर हात ठेवून गुणगुणा, तिथे थरथर जाणवली की त्याच सुरात बोला. आणि वाक्याचा शेवट खाली उतरवा. फोनवर तरीही "मॅडम" ऐकावं लागेल.

पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा आपल्या गल्लीत नको, दुसऱ्या एरियात, टपरीवर चहा प्यायला वगैरे. शस्त्रक्रिया झालेली नसली तरी आपण कोण हे आपणच ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात म्हटलंय, पण रात्रीच्या रिकाम्या स्टेशनवर निकाल वाचून दाखवायला कोणी थांबत नाही, तेव्हा जिथे धोका वाटेल तिथून निघा. टॉयलेटला मॉल किंवा मल्टिप्लेक्स बरं पडतं. कोणाकडे न बघता सरळ आतल्या खोलीत शिरायचं, आणि बसायच्या आधी कडी नीट लागते का ते बघायचं, जेन्ट्समधल्या निम्म्या कड्या तुटलेल्या असतात.